रानाची ओटी

मु. पो. दुधनी, ता. अक्कलकोट
शनिवार, २२ डिसेंबर १९७३

सौ. रत्नम्मास, अक्काचा आशीर्वाद.

गिरिजा काल दुपारच्या गाडीनं सुखरूप पोचली. गुरुलिंगराव भावोजींनी तिला गावातल्या ओळखीच्या बाईजवळ बसवून दिलं होतं, त्यांचे उपकार आहेत असं त्यांना सांग. तुलाही चार शब्द बरे लिहायला हवेत, सख्खी बहीण आहेस. पण तू गेल्या अकरा महिन्यांत मला एक ओळ पाठवली नाहीस, मग मी तरी तोंडभर का लिहू? आजही लिहिलं नसतं. कामाचं आहे म्हणून लिहिते.

काम असं, की गिरिजाला आता परत सोलापूरला पाठवायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. आम्ही म्हणजे मीच. तिच्या अप्पांना विचारलं तर ते "बगू की" म्हणाले, आणि त्यांचं "बगू की" म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे. दुष्काळात विहीर कोरडी पडली, पोरीच्या अंघोळीला तांब्याभर पाणी मिळेना, रेशनची लाल मिलो ज्वारी तिच्या घशाखाली उतरेना, म्हणून तिला तुझ्याकडे ठेवली. दीड वर्ष तू तिचं केलंस. कमी काही केलं नाहीस, हे मी नाकारत नाही. पण आता दुष्काळ सरला. विहिरीला पाणी आहे, शाळूची ज्वारी माझ्या खांद्याला लागतेय. मग आपली पोर दुसऱ्याच्या घरी कशाला? तेव्हा तिचा शाळेचा दाखला काढून पाठव. दोन जानेवारीला शाळा उघडतील, त्या दिवशी तिचं नाव इथल्या शाळेत घालते.

दुसऱ्याचं घर म्हटलं म्हणून राग मानू नकोस. मानलास तरी तुझ्या रागाची आता मला सवय झाली आहे.

पोरीला तू भारीच वळण लावलं आहेस. सकाळी उठली आणि ट्रंकेतून दात घासायची पांढरी पावडर काढली. मी राखुंडी पुढे केली तर मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांनी उचलून परत ठेवली. चहाला कपबशी लागते. आमच्या आत्तींनी विचारलं, "का गं, वाटीत च्या पेलं तर त्वांड भाजतंय व्हय?" तर म्हणते, "आमच्यात कपात पितात." आमच्यात, म्हणे. आत्ती पोट धरून हसल्या. सासूला हसायला काय जातंय. मी हसले नाही.

ट्रंकेत तिचे कपडे, पुस्तकं, रिबिनी आणि शेंगाचटणीचा डबा, एवढंच होतं. दुसरं काही तू पाठवलं असशील तर ते माझ्या हाती आलेलं नाही.

परवा वेळ अमावस्या, रान पुजायचं. यंदा सोमवारी आली आहे. अंबिलासाठी ताकात पीठ भिजवायचं आहे, थांबते.

तुझी अक्का
गुरम्मा

ता. क. दाखल्याचं विसरू नकोस.


दुधनी
मंगळवार, २५ डिसेंबर १९७३

सौ. रत्नम्मास आशीर्वाद.

तुझं उत्तर यायला अजून अवकाश आहे, तरी लिहिते. कालचं रान तू बघायला हवं होतंस. मागच्या वेळी अमावस्येला तू गिरिजाला घेऊन आलीस तेव्हा नुसती ढेकळं होती. गिरिजाचे अप्पा खडी फोडायच्या कामावरून एक दिवसाची सुट्टी काढून आले होते, आणि आपण त्या उघड्या जमिनीलाच नैवेद्य दाखवून आलो होतो. काल कडब्याच्या पाच पेंढ्यांची खोप उभी केली तर ती शाळूत दिसेना. आत पाच पांडव मांडले, दगडांना चुना लावला. भज्जी, बाजरीचे उंडे, अंबिल, सगळं तुझ्या आवडीचं होतं. शेजारच्या मळ्यातली मदिनाबीही जेवायला आली होती.

आत्ती गिरिजाला समजावून सांगत होत्या, "शाळू पोटरीला आला म्हंजी रान दोन जिवाचं झालं. बाईचं डोहाळं पुरवत्यात, तसं हिचं पुरवायचं. ओटी भरायची." पोर मन लावून ऐकत होती. मग अप्पा पुढं आणि ती मागं, डोक्यावर अंबिलाचं मडकं. अप्पा डहाळीनं अंबिल शिंपडत "ओलगे ओलगे" म्हणायचे आणि ही मागून "सालम पोलगे" असं ओरडायची. कपात चहा पिणारी पोर, पण आवाज काय खणखणीत लागला. चारी बांध फिरून आली. मला वाटलं, झालं, आता ही आपली झाली.

नंतर मी ओटी भरली. अक्कलकोटहून आणलेला खण ठेवला, नारळ ठेवला. तेव्हा गिरिजा सगळ्यांदेखत काहीतरी बोलली. मदिनाबीनं पदर तोंडाला लावला. काय बोलली ते इथं लिहीत नाही. पोरच ती. मग जेवली नाही, एक उंडासुद्धा खाल्ला नाही. उन्हानं डोकं चढलं असेल.

येताना तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. "अव्वा गं" म्हणून ओरडली. मी डोक्यावरची पाटी टाकून धावले. पाय धरला तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू न्हाय." एवढंच. सुईनं काटा काढला, हळद लावली. तुला ती घरात आईसारखं अव्वा म्हणते, हे मला तू कधी कळवलं नाहीस. मावशीला चिक्कव्वा म्हणायला काय झालं होतं?

मागच्या अमावस्येचं तू अजून मनात धरून बसली आहेस, हे मला कळतं. ओटीचं ताट तुझ्या हातातून काढून घेतलं, चारचौघांत शब्द गेला, बरं झालं नाही. पण आत्ती जुन्या वळणाच्या. म्हातारं माणूस, त्यांच्या तोंडाला कोण हात लावणार? त्यांचा राग माझ्यावर काढून तुला काय मिळतं?

अक्का


दुधनी
गुरुवार, २७ डिसेंबर १९७३

रत्नम्मास,

तुझं कार्ड आज मिळालं. अकरा महिन्यांनी लिहिलंस ते चार शब्द. "गिरिजाला तू विचारलंस का?" दाखल्याचं नाव नाही, बरी आहेस का तेही विचारलं नाहीस. सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही. तुझ्यात आणि माझ्यात तेवढं सारखं आहे.

पोरीला काय विचारायचं असतं? वासराला विचारून दावं बांधतात का? आपल्याला कुणी विचारलं होतं? तुला सोलापुरात दिली, मला इथं दिली, दोघींनी मुकाट गाडी धरली. विचारायला मी भीत नाही. विचारायची गरज नाही म्हणून विचारत नाही.

आणि गरज का नाही ते ऐक. गिरिजा रानात रमली आहे. परवा सकाळभर रिकाम्या कणगीत डोकं घालून बसली होती. तिथं मांजर व्यालं आहे, पिल्लं बघत होती. पण काल सकाळी, अजून दव वाळलं नव्हतं, तर हातात पाटी घेऊन एकटीच निघाली. "कुटं गं?" तर म्हणे हरभऱ्याची भाजी खुडायला. आजही गेली. कुणी सांगितलं नव्हतं. भाजी आणते ती मूठभर, पण तासभर रानात असते. परत येते तेव्हा तोंड उजळलेलं असतं. तुझ्या नव्या पेठेत दारात उभं राहिलं तर गर्दीचा धक्का लागतो, तिथं पोरीला हे कुठलं मिळायला?

ती पांढरी पावडरही संपली म्हणे. दोन दिवसांत डबी रिकामी. मी म्हटलं, बरं झालं. आता निमूटपणे राखुंडीनं दात घासते. आत्ती म्हणाल्या, "माती आपलं माणूस वळखती." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, तुला खोटं कशाला सांगू.

माझ्याशी मात्र अमावस्येपासून कामापुरतं बोलते. होईल हळूहळू. अप्पांच्या मांडीवर बसून तुझ्या घराच्या गोष्टी सांगते आणि मी गेले की गप्प होते. लेकी बोले सुने लागे असा प्रकार असता तर कळलं असतं. ती बोलतच नाही, मग मी कशाला लावून घेऊ?

दाखला पाठव. हे तिसऱ्यांदा लिहिते.

गुरम्मा


दुधनी
शनिवार, २९ डिसेंबर १९७३

रत्ना,

हे पत्र हातातलं काम बाजूला ठेवून वाच. भावोजींना वाचून दाखवायचं की नाही ते तुझं तू बघ.

काल सकाळी गिरिजा रानात निघाली आणि पाटी ओट्यावरच विसरली. भाजी कशात आणणार म्हणून मी पाटी घेऊन मागं गेले. हरभऱ्यात ती नव्हती. हाक मारणार होते, तेवढ्यात शाळूत पानं हललेली दिसली. वाकून आत शिरले. आत दोन ओळींच्या मधे गिरिजा उकिडवी बसली होती. तिच्यापुढं बोराएवढे नव्हे, चांगले लिंबाएवढे पाच खडे मांडलेले. पांढरेफेक. पावडर त्या खड्यांना लागली होती, रत्ना. चुना कुठं मिळणार, म्हणून दात घासायची पावडर पाण्यात कालवून तिनं पांडव केले होते. आणि त्यांच्यापुढं हिरवा खण, डझनभर बांगड्या, नारळ. तांदूळ मुंग्यांनी नेले होते.

तो खण तू पाठवलेला.

आता पहिल्या पत्रातलं खोटं सांगते. गिरिजा आली त्या दिवशी ती आत्तींजवळ बसली होती, तेव्हा मी तिची ट्रंक उघडली. तळाशी कागदाचं पुडकं होतं, वर तुझ्या अक्षरात "रानासाठी" लिहिलेलं. मी ते उचललं आणि रिकाम्या कणगीत टाकलं. पोरीनं विचारलं, पुडकं कुठाय. मी म्हटलं, तुझी चिक्कव्वा घालायला विसरली असंल. तिनं स्वतःच्या हातानं ते ट्रंकेत घातलं होतं. तिला तेव्हाच कळलं असणार की आई खोटं बोलते. अमावस्येला मी माझा खण ठेवला तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "चिक्कव्वाची ओटी तू का घेत न्हाईस? मागच्या साली बी तूच ताट वडून घेतलंवतंस." हेच ते, जे मी तुला लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मांजरीची पिल्लं बघायला कणगीत वाकली आणि पुडकं तिला सापडलं. त्याच दुपारी ती रानात गेली. खोपीत ठेवलं तर मला दिसेल म्हणून शाळूच्या मधोमध जाऊन बसली.

मी विचारलं, "काय करतीस गं हितं?"

"बगतीया."

"काय बगतीस?"

"शाळू सुकला का ते." मग दोन्ही हातांनी शाळूचं एक धाट धरून मला पान दाखवलं. "तू म्हणालीवतीस, वांझेच्या हातची ओटी घातली की रान जळतंय. मी मंगळवारी घातली. रोज येऊन बगतीया. एक पान बी वाळलं न्हाय." आणि म्हणाली, "रानाला चालतंय गं अव्वा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. चांगली बातमी सांगावी तसं ती सांगत होती. अमावस्येपासून पहिल्यांदा मला अव्वा म्हणाली. मी तिथंच ढेकळांवर बसले.

तो शब्द आत्तींनी उच्चारला नव्हता, हे तुला माहीतच आहे. तू समोर उभी होतीस. मी तुला तोंडावर खोटं लिहून पाठवलं आणि तू ते वाचून घेतलंस. आत्ती त्या दिवशी बांधावर लांब बसल्या होत्या, त्यांना ऐकूही आलं नव्हतं. काल घरी येऊन मी त्यांना सांगितलं, तुमच्या नावावर ढकललं म्हणून. त्या म्हणाल्या, "ढकल की. म्हातारीच्या पाठीवर आनी एक पोतं. पर रत्नाला खरं कळव." खरं हे, की ताट मीच ओढलं आणि तो शब्दही माझाच.

का, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. त्या अमावस्येला मला तिसरा महिना होता. गिरिजाच्या पाठीवर दहा वर्षांनी. दोन आधी गेले होते, ते तुला ठाऊक आहे. म्हणून यावेळी अप्पा आणि आत्ती सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. दृष्ट लागेल म्हणून तुला नाही. रान दोन जिवाचं आणि मी दोन जिवाची, आणि तू ताट घेऊन वाकलीस. तुझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली आणि तुझी कूस उजवली नाही, एवढंच मला दिसलं. माझी पोर तूच पोसत होतीस, ते दिसलं नाही. आणि तोंडातून तो शब्द गेला.

माघात ते गेलं. दुष्काळात बाईला धड खायला नाही, लांबच्या विहिरीवरून दोन मैल घागरी वाहायच्या, जाणार नाही तर काय होईल. पण तेव्हा मी ते धरलं नाही. मी मनात तुझंच नाव घेतलं. ताट ओढायच्या आधी तुझं बोट रानाला लागलं असेल, असं म्हणत राहिले. हे मी अप्पांनासुद्धा सांगितलेलं नाही. तुझा हात रानाला लागला नव्हता रत्ना, मी लागू दिला नव्हता. तरी माझं गेलं. आता तुझी ओटी रानात पडून आहे आणि शाळू तसाच उभा आहे. अकरा वर्षांच्या पोरीला जे बघून यायचं सुचलं, ते मला वर्षभर सुचलं नाही.

तू विचारलं होतंस, म्हणून काल संध्याकाळी मीही तिला विचारलं. भाकरी थापत होते, ती चुलीपुढं बसली होती. "हितं ऱ्हातीस का सोलापूरला जातीस?" तिनं जाळ आत सारला. मग म्हणाली, "शाळा तितं हाय की." मी म्हटलं, "शाळा हितं बी हाय." तर माझ्याकडं बघून विचारते, "मी गेले तर तू रडशील?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "चिक्कव्वा रडती. मी हिकडं यायला निगाले तवा न्हाणीत जाऊन रडली. भाईर आली आणि म्हणाली, धुरानं डोळं चुरचुरत्यात. आमच्यात तर स्टोव्ह हाय."

मी तव्यावरची भाकरी उलटली. तिला यायचं आहे तुझ्याकडं. तोंडानं म्हणाली नाही, मला दुखू नये म्हणून. पण मला कळलं. मला फार लागलं रत्ना, ते लपवत नाही. लागणारच.

दाखला काढू नकोस. मंगळवारी, एक तारखेला, सकाळच्या गाडीत अप्पा तिला बसवून देतील. स्टेशनवर भावोजींना पाठवू नकोस, तू स्वतः ये. तुला ती अव्वा म्हणते तर म्हणू दे. मलाही म्हणते. फक्त मला "तू न्हाय" म्हणू नये, एवढं तिला हळूच शिकव. उन्हाळ्याची सुट्टी मात्र माझी, ती मी सोडणार नाही.

मघाशी "माफ कर" असं लिहिलं होतं, ते खोडलं, वर दिसत असेल. तू लगेच करशील, तुझा स्वभावच तसा. थोडे दिवस करू नकोस. मला जरा तसंच राहू दे.

तुझा खण मी उचलला नाही. त्याच्यावर रोज दव पडतंय, एका बाजूला माती लागली आहे. बांगड्यांना हात लावला नाही. शाळू काढायला येईल तेव्हा तू ये. तेवढ्या चार ओळी आम्ही तशाच उभ्या ठेवू. पहिला विळा तू लाव आणि खण तुझ्या हातानं उचल. आत्तींनी सांगितलंय, रत्ना येईपर्यंत तिकडं गुरं फिरकू द्यायची नाहीत.

हे पत्र आजच्या आज दुधनीच्या टपालात पडेल, म्हणजे पोरीच्या आधी तुला पोचेल. मुद्दाम आधी पाठवते आहे. कारण रानात ओटी घातली आणि शाळू सुकला नाही, ही गोष्ट तिला स्वतः तुला सांगायची आहे. मला बजावून ठेवलंय, "तू चिक्कव्वाला लिवू नकोस, मी सांगणार." काल आणि आज पुन्हा जाऊन पानं बघून आली, म्हणजे सांगताना चूक व्हायला नको. गाडीतून उतरल्या उतरल्या ती सांगायला लागेल. तेव्हा तुला यातलं काहीएक ठाऊक नाही, असं दाखव.

तुझी
अक्का